मासळीच्या पेटीतलं बावड्याचं रक्त

मी थर्माकोलची पेटी बोलतेय. जन्म कारखान्यातला, पण संसार भिगवणचा. मासळी विकणाऱ्या ठमाबाईकडं मी बर्फ नि चिलापी मासे सांभाळायची. एसटीत मला शेजारी कुणी ठेवून घेत नसे.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये एक तरुण बाई आली. मासे नकोत, पेटी हवी म्हणाली. ती बावडा गावची सारजा. तिचे वडील गेणूआबा पूर्वी मेंढरं राखायचे. शंभरातली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखायचे. लेकीनं ती नजर माणसांकडं वळवली. बारामतीत बी.एस्सी. केलं, मग पुण्यात आनुवंशशास्त्राचं संशोधन धरलं. पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून जे उतरत येतं, त्यात जातीजातींत आणि माणसामाणसांत किती फरक असतो, हे तिला मोजायचं होतं. प्रयोगशाळेची बर्फपेटी दुसऱ्याच कुणी नेली होती, म्हणून माझी निवड झाली.

बावड्यात देवळापुढं माणसं जमली, पण हात कुणी पुढं करेना. गावातल्या वयस्कर सावळारामतात्यांनी सरळ विचारलं, "आमचं रक्त हलकं का भारी, ते ठरवाया आलीस व्हय?"

"काय निघंल ते मलाबी म्हाईत न्हाय, तात्या," सारजा म्हणाली आणि तिनं पहिली सुई स्वतःच्या हाताला टोचून घेतली. तात्या बाही सरसावून समोर बसले. मग सांजेपर्यंत साठ जणांनी रक्त दिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाताना एसटी पळसदेवजवळ बंद पडली. उन्हात तीन तास गेले. बर्फ वितळला, पाणी चढलं आणि चौदा नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई धुऊन गेली. गारवा राखणं एवढंच माझं काम. तेही मला जमलं नाही.

प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, उरलेली चौदा नावं अंदाजानं लावून टाका, कुणाला कळणार? सारजानं त्या नळ्या बाजूला काढल्या आणि सकाळी मला मांडीवर घेऊन पुन्हा बावड्याची गाडी धरली.

त्या चौदांत तात्याही होते. ते भडकले. म्हाताऱ्या माणसाचं रक्त काय विहिरीचं पाणी आहे का, म्हणाले. सारजानं दोष एसटीवर ढकलला नाही.

"चूक माझी हाय. पर अंदाजानं नाव घातलं असतं, तर सगळंच खोटं झालं असतं."

तात्यांनी डावा हात पुढं केला. "ह्याचं घे. त्यो अजून दुखतोय."

दोन वर्षांनी ती निकाल सांगायला त्याच देवळापुढं उभी राहिली. जातीजातींत फरक थोडाच निघाला होता. एकाच जातीतल्या माणसामाणसांत त्याहून कितीतरी जास्त. हलकं-भारी म्हणावं असं रक्तात काहीच सापडलं नव्हतं. दोघं-तिघं पाय आपटत उठून गेले. सारजा थांबली नाही. बसलेल्यांना शेवटपर्यंत समजावत राहिली. मी तिच्या पायाशीच होते, सगळं ऐकत.

आता ती हैदराबादला मोठ्या संस्थेत असते. मी बावड्यातच राहिले; माझा एक कोपरा तुटलाय. गेणूआबांनी माझ्यात माती भरून मेथी लावलीय. मी कुजत नाही, जाळलं तर नुसता काळा धूर. म्हणून विनंती एवढीच, आमच्यासारख्यांना उकिरड्यावर फेकू नका. मोडेपर्यंत काहीतरी वाहू द्या.

रामराम घ्या. आबा मेथीला पाणी घालायला तांब्या घेऊन येतायत.