पुढच्या दाराची सवारी

देवदत्तने करकचून ब्रेक दाबला. समोर, रस्त्यावर बससाठी राखलेल्या लाल पट्ट्यात, एक माणूस उकिडवा बसून तिरप्या पांढऱ्या रेघा मारत होता.

"ये क्या कर रहे हो, भैया?"

"पार्किंग बन रही है, दादा. ऑर्डर है."

देवदत्तला आधी थट्टाच वाटली. हा पट्टा फक्त बसचा. पाच महिन्यांपूर्वी तो झाला आणि तिलवाऱ्याच्या फेरीची वीस मिनिटं वाचू लागली. सव्वीस वर्षं शिव्या खाल्लेल्या ड्रायव्हरला लोक उतरताना थँक्यू म्हणू लागले. त्या कौतुकाने तो जरा चढूनही गेला होता.

पण पट्टा फुकटात झाला नव्हता. तिथे अंजनीबाईंचा पोह्यांचा ठेला होता, अठरा वर्षांचा. दोन नोटिसा त्यांनी शेगडीत घातल्या. मग पालिकेचा इंजिनिअर अनुपम देवदत्तच्या घरी येऊन चहा प्यायला. "काका, तुमचं ऐकतील त्या. पट्टा बसचाच राहील, माझा शब्द." तोच शब्द देवदत्तने अंजनीबाईंना दिला. "तू म्हणून राहिला त हटते, भाऊ," म्हणत त्या मागच्या गल्लीत गेल्या. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. ठेला मोडून आता त्या सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर पोळ्या लाटायला जात. तरी रोज सगळ्यांसारखं मागून न चढता त्याच्याजवळच्या पुढच्या दाराने चढत, "वेळेवर आला, भाऊ," म्हणत आणि पोह्यांची पुडी त्याच्यापुढे ठेवत.

देवदत्तने तिथूनच अनुपमला फोन लावला.

"साहेब, हे काय करून राहिले तुम्ही?"

"वरून आलं, काका. दुकानदारांना पार्किंग पाहिजे, ऐकेनात. टेम्पररी आहे."

"मंग बाईले काहून हटवलं? तुमच्या शब्दावर हटवलं मी तिले."

"शब्द वगैरे नाही हो, काका. आपण नुसतं बोललो होतो."

केसाने गळा कापला पोराने, आणि कापतानाही काका म्हणाला. देवदत्तला रागापेक्षा लाज जास्त वाटली. अंजनीबाईंना अनुपम माहीतच नव्हता. त्यांना शब्द देवदत्तनेच दिला होता.

सोमवारी पट्टा गाड्यांनी भरला. बस भर रस्त्यात उभी करावी लागली, तीही वीस मिनिटं उशिराने. ठेल्याच्या जागी एक पांढरी कार होती. तिच्या शेजारी अंजनीबाई उभ्या होत्या. त्यांनी कारकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

देवदत्तने पुढचं दार उघडलं. "अंजनीबाई, मले खरंच..."

त्या दारापर्यंत आल्या. मग बसच्या कडेने चालत गेल्या आणि मागच्या दाराने चढल्या.

कंडक्टरने शिटी मारली. देवदत्तने पुढचं दार थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं, मग लावून घेतलं.