दोनशे आकड्यांचा ताळा

आमचे अण्णा, म्हणजे पुंजाजी गुरुजी, कळमनुरी तालुक्यातल्या शाळांमधून अडतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. तपासण्याची खोड मात्र निवृत्त झाली नाही. लग्नपत्रिकेतला वार असो की एसटीचं वेळापत्रक, पेन्सिल हातात घेतल्याशिवाय त्यांना वाचताच येत नसे. २००४ साली त्यांच्या तावडीत माझा एमसीएचा प्रोजेक्ट सापडला.

मोठमोठ्या संख्यांची गणितं करणाऱ्या, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या दोन लायब्रऱ्यांची मी तुलना केली होती. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. आपण फक्त वापरायचा. शेवटी शेअरच्या भावांचा डेटा वाचणाऱ्या लायब्रऱ्यांवर एक प्रकरण होतं, पण ते आमच्या सरांच्या हौसेखातर. माझा जीव अडकला होता पहिल्या भागात. शंभर-शंभर आकडी दोन संख्यांचा गुणाकार दुसरी लायब्ररी पहिलीपेक्षा साठपट वेगानं करत होती! सोमवारी नांदेडला तोंडी परीक्षा होती. पास झाले तर पुण्यातली नोकरी पक्की, नाहीतर आणखी सहा महिने घरी बसून अण्णांच्या तपासण्या.

शनिवारी सकाळी अण्णांनी रिपोर्ट उघडला.

"ताळा पाह्यला का?"

ताळा म्हणजे गुणाकार तपासायची जुनी युक्ती. संख्येतले सगळे आकडे मिळवत एका आकड्यावर यायचं, दोन्ही संख्यांच्या त्या आकड्यांचा गुणाकार करून तोही एका आकड्यावर आणायचा, आणि उत्तराचाही आकडा तोच येतो का बघायचं.

"अण्णा, हे कॉम्प्युटरनं केलंय."

"कॉम्प्युटरला कोण शिकवलं? तूच ना? मंग पाह्यला पायजे."

मला असा राग आला म्हणून सांगू! ते मात्र अंगणात खाट टाकून बसले आणि एकेक आकड्यावर पेन्सिल ठेवत मोठ्यानं मोजू लागले. दोनशे आकडे, पन्नासाच्या चार ओळी. शेळ्या घेऊन निघालेली शकुबाई थांबून म्हणाली, "गुर्जी कोणचं स्तोत्र म्हणून राह्यले?" तासाभरानं निकाल लागला. पाच यायला हवा होता. पहिल्या लायब्ररीचा पाच आला. माझ्या लाडक्या दुसरीचा आला दोन.

"तुमचं मोजायला चुकलं असेल."

"अडतीस वर्सं पोरं हेच म्हणत व्हती," अण्णा म्हणाले.

त्यांना खोटं पाडायचंच, या एकाच इराद्यानं मी नासेरभाईंच्या कॉम्प्युटर सेंटरवर गेले. वीज गेलेली होती, तरी त्यांनी इन्व्हर्टरवरचं एकुलतं एक मशीन मला दिलं. दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवली. पहिले पंधरा आकडे तंतोतंत सारखे. आधी तेवढेच बघून मी खूश झाले होते. सोळाव्यापासून पुढे मात्र दोघींचं पटत नव्हतं. कोड वाचत गेले आणि चूक दिसली. मी गुणाकार आधीच कॉम्प्युटरच्या साध्या, पहिले पंधराएक आकडेच अचूक ठेवणाऱ्या पद्धतीनं उरकत होते आणि तयार उत्तर दुसऱ्या लायब्ररीला नुसतं छापायला देत होते.

घरी येऊन कबूल केलं. अण्णा म्हणाले, "बैलाच्या गाडीत ओझंच न्हवतं तं तो पळंलच की!"

रविवारभर बसून सगळं नव्यानं केलं. दोन्ही लायब्रऱ्या जवळजवळ बरोबरीत आल्या. साठपट वेग गेला, माझी ऐटही गेली. जुनं चुकीचं उत्तर मात्र मी रिपोर्टाच्या शेवटी जोडलं आणि खाली लिहिलं: ही चूक वडिलांनी ताळा पाहून पकडली.

सोमवारी परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. पिकल्या केसांचे गृहस्थ होते. कौतुकानं पेन काढून स्वतःच मोजू लागले. मोजून झालं, पुन्हा मोजलं.

"अहो, याचाही पाचच येतोय. ताळा बसतो."

मी वाकून त्या पानाकडे बघू लागले.

"होतं असं. नऊ चुकांमागे एखादी ताळ्यातून निसटतेच. पण मग तुम्हाला चूक सापडली कशी?"

"वडिलांचा ताळा बसला नाही, सर."

"त्यांची एक ओळ सुटली असेल." ते पोट धरून हसले. "आपली चूक छापून आणणारी पोरगी मी पहिल्यांदाच बघतोय. जा, पास आहात."

पेढे घेऊन घरी आले. गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण अण्णांच्याच घरात वाढलेली मी, राहवलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मागितला, बोट ठेवून मोजलं. तिसरी ओळ सुटली होती. तोंडातला पेढा तसाच राहिला. कशाला बोलले, असं झालं.

पेढा गिळून म्हणाले, "म्हंजे माझ्या हातून ज्याचा ताळा बसला न्हाई, त्याचं गणित बराबर बी असंल."

"कुणाचं?"

"जनकाबाईच्या ग्यानोबाचं. सत्त्याहत्तर साली ताळ्यापायी त्याला छडी मारली. रडत म्हणत व्हता, गुर्जी, बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी उरलेले पेढे घेऊन ते जीपनं ग्यानोबाच्या गावाला, गोरेगावला निघाले. मीही सोबत गेले. ग्यानोबाच्या मिशा आता पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. अण्णांनी भर ओट्यावर हात जोडले, म्हणाले, "ग्यानोबा, ती छडी माझी चूक व्हती."

ग्यानोबानं पेढ्यांचा पुडा घेतला, डोकं खाजवलं.

"गुर्जी, तुमी तं रोजच मारायचे. त्यातली कोणची?"