माझ्या तोंडातला बोळा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, बैलाच्या गळ्यातली. पितळेची, काठाशी खोच पडलेली. एका माणसानं एके दिवशी मला गप्प केलं. त्याचा हिशोब मला सांगायचा आहे.

मला कुणी ओतलं ते आता कुणालाच आठवत नाही. तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचा, तेव्हा मी सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात असे. माझ्या आवाजामागे शंभर बैल पाय टाकत. पुढे ही बैलांवरची लदणी संपली, दारव्ह्याकडच्या माळावर तांडा बसला, कपाशी पेरू लागला. पण पुढच्या बैलाचा मान राहिला. सणाचं काहीही केलं तरी पहिला वाटा त्याचा. त्याच्या तोंडाला लागल्याशिवाय तांड्याचा प्रमुख, नाईकही हात लावत नसे.

साठ साली तो मान हिरासिंगाच्या बैलाला होता. बैलावर त्याचा फार जीव. बाप गेल्यावर पंचांनी नाईकपण त्याला न देता धाकट्या भीमसिंगाला दिलं, तेव्हा तो कुणाशी भांडला नाही. बैलाला मात्र खरारा करताना रोज सांगायचा, की एक दिवस हे सगळे आपल्यापुढे आडवे होतील. मी ऐकत होते. मला ते रागातलं बोलणं वाटलं.

श्रावणात तीज आली. नऊ दिवस पोरींनी टोपल्यांत गहू वाढवला, गाणी म्हटली. शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांसाठी मोठ्या गंजात गूळपाणी केलं होतं.

त्या सकाळी हिरासिंग गोठ्यात आला. पागोट्याची पट्टी फाडली, तिच्यात कापूस गुंडाळला आणि तो बोळा माझ्या तोंडात कोंबला. माझा लोलक जखडला. मग त्यानं बैल नाल्यापलीकडे पळसांत नेऊन बांधला, पुढ्यात कडबा टाकला. त्याचे हात कापत नव्हते. माझ्याइतकं जवळून ते कुणी पाहिलं नाही.

दुपारी बैल सापडेना. माझा आवाज आला असता तर सापडला असता. पोरी नाचून दमल्या होत्या. तांड्यातली सगळ्यात म्हातारी भुरीबाई म्हणाली, बैल आला की पाजू त्याले, लेकरायचे घसे सुकले. आजवर न मोडलेला रिवाज तिनं मायेपोटी मोडला.

कपाशीवर मारायचं औषध होतं त्या पाण्यात. दिवे लागायच्या आत अकरा माणसं गेली. सात त्या पोरींमधल्या. शेजारच्या लालीबाईची लेक बिजली त्यांत होती, आणि भुरीबाईही. औषधाचा रिकामा डबा हिरासिंगाच्या गोठ्यात सापडला आणि पोलिसांनी त्याला धरून नेलं.

कोर्टात हिरासिंग आवारातली माती उचलून खाऊ लागला. मेलेल्यांची नावं वाचली की हसायचा. डॉक्टर म्हणाले, याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. मला कायदा कळत नाही. मला हात कळतात.

त्या वर्षी तांड्यात पोळा झाला नाही. बैल पळसांतून सोडून आणला, मला खुंटीला टांगलं; शोकात मी वाजत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढच्या पोळ्याला लालीबाई मला चिंचेनं घासायला बसली आणि तिच्या बोटाला बोळा लागला. तिनं तो ओढून काढला. पागोट्याचा रंग तिनं ओळखला. उठून ती थेट भीमसिंगाच्या दारात गेली.

"नाईक, येड्याले आपला बैल वाचवाची अक्कल कुठून आली?"

भीमसिंगानं बोळा हातात घेऊन उलटापालटा केला. म्हणाला, "लालीबाई, येड्यालेबी बैलाची माया राह्यते."

"माया असंल. मंग बोळा काहून कोंबला? येडा लपवत नाही."

भीमसिंगानं दोनदा तालुक्याला खेटे घातले. निकाल लागून गेला होता. एका साहेबानं तर विचारलं, की घंटा साक्षीला उभी करता का. सोबतचे हसले.

आज सहासष्ट साल. इस्पितळातून कागद आलाय. हिरासिंग बरा झाला आहे, भावानं सांभाळायची हमी दिली तर सोडू. भीमसिंग कागद फाडायलाच निघाला होता. लालीबाईनं त्याचा हात धरला.

"सही कर, नाईक. येऊ दे त्याले. तिथं त्याले कोनी ओळखत नाही. इथं कोन्या दारासमोर तो मान वर करीन?"

"मारसान त्याले?"

"नाही. एका झटक्यात सुटू द्यायले मी येडी नाही."

भीमसिंगानं सही केली.

मलाही फास नको. फास क्षणाचा असतो. ज्यानं अकरा जणांना तडफडवलं त्यानं शहाण्यासारखं जगावं, शहाण्यासारखं ऐकावं. वेडा होता म्हणता? मग आता बरा झालाय ना. आता त्याला सगळं कळेल.

पंचांनी ठरवलंय: तांड्यात राहायचं तर त्यानं मला गळ्यात घालायचं. पाणी भरताना, जेवताना, कूस बदलताना. लालीबाईनं माझा जुना पट्टा कापून आखूड केला. तो बैलाच्या मापाचा होता. माणसाचं माप तिनं स्वतःच्या गळ्यावर घेतलं. नवा लोलक बसवला, तोही आधीपेक्षा जड.

बैल केव्हाच मेला. तेव्हा बाबांनो, दारव्ह्याच्या वाटेवर कधी घंटा ऐकू आली आणि मागे बैल दिसला नाही, तर थांबू नका. त्याला पाणी विचारू नका. तो वेडा आहे की शहाणा, तेही विचारू नका. ते मी त्याला पावलागणिक विचारणार आहे.