पानात उतरलेला रोग

फाटकापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागदी पेला. पेल्यात मिरचीचं एकेक रोप. ज्याचं रोप पिवळं पडलंय त्याच्याकडे बाकीचे हेव्यानं बघत होते.

"तुमची दोन पानं गेली? नशीबवान आहात हो! आमचं मेलं अजून हिरवंगार."

रोप जगावं म्हणून राबण्यात माझी पंधरा वर्षं गेली. ते पिवळं पडावं म्हणून देवाचा धावा करणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माझ्यापुढे माझी थोरली बहीण उभी होती. ताई शिवणकाम करते, स्वतःचं छोटं दुकान आहे. तिला लहानपणापासून आकडी येते. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. पण गोळ्यांनी दुपारी डोळे मिटायला लागतात, शिवण वाकडी जाते, आणि 'गोळ्यांवर जगणारी बाई' हे लोकांचं बोलणं तिला फार लागायचं.

आत माणसाचा रोग रोपात उतरवणारे रोपबाबा बसले होते. मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून जांभळा उजेड येत होता आणि लोक त्या फटीला हात जोडत होते. बाबांनी ताईचा पेला उचलला, पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि डोळे मिटले.

"निघाला!" ते गरजले. "मस्तकातून निघाला, मानेतून उतरला, खांद्याला वळसा घालून पानात येऊन बसला! बघा, कसा पिवळाजर्द बसलाय!"

लोकांनी तोंडात बोटं घातली.

"मिरचीच का, विचारा," बाबा म्हणाले. कुणीच विचारलं नव्हतं. "मिरची तिखट. रोगाला तिखटाची ओढ. दोडक्यात का नाही शिरत रोग? दोडका मवाळ! आता नऊ दिवस हे रोप माझ्या तेजोकक्षात. रोग जळेल, पानावर जांभळी राख दिसेल. आणि बाई, उद्यापासून गोळ्या बंद. अंगात रोगच उरला नाही, तर गोळी मारणार कुणाला? तुम्हालाच!"

ताई आनंदानं रडली हो. मी मात्र बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दाढीच्या आतला माणूस ओळखीचा होता.

मी रोपवाटिकेत कामाला आहे. बंद खोलीत, जांभळ्या दिव्यांखाली मिरचीची रोपं वाढवायची, हे माझं काम. वर्षापूर्वी हाच गृहस्थ, गुळगुळीत दाढी केलेला, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून वही घेऊन आला होता. म्हणाला, घरात लावलेली रोपं बिघडतात, काय करू? मी तासभर बसून समजावलं. खालची पानं पिवळी पडतायत ना, मग पाणी जास्त होतंय. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही. त्यात रोप अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर आणखी लवकर पिवळं पडतं.

"आणि पानं जांभळी पडली तर?"

"दिवा फार जवळ टांगलाय. आपली कातडी उन्हात रापते ना, तसं पान जांभळा रंग तयार करून स्वतःला वाचवतं. दिवा वीतभर वर घ्या."

त्यानं शब्दन् शब्द लिहून घेतला. 'असं चौकस गिऱ्हाईक पाहिजे,' असं मी मालकिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. तेव्हापासून दर आठवड्याला एक टेम्पो येतो आणि आमच्याकडून मिरचीच्या रोपांचे चार ट्रे नेतो. म्हणजे रोपं माझी, विद्याही माझीच!

घरी आल्यावर मी ताईला विचारलं, "रोपाला दिवसातून किती वेळा पाणी घालायला सांगितलं होतं?"

"सात. रोग्यानं स्वतःच्या हातानं, उशाशी ठेवून."

"अगं, तुझ्या खोलीत सूर्य येत नाही. त्यात सात वेळा पाणी! पिवळं पडेल नाहीतर काय? आता तो पिवळं पान खुडून टाकणार आणि रोप दिव्याच्या तोंडाशी ठेवणार. नवी पानं जांभळी होऊन येतील. यात रोग कुठे आला?"

"तू रोपांचा जाणकार आहेस, माणसांचा नाहीस."

"आणि तो बाबा आहे?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी रोप आलं, मी सांगितलं होतं तसंच, नव्या पानांवर जांभळी झाक घेऊन. ताईनं ते शेजारणींना दाखवलं.

मग मीही हट्टाला पेटलो. ताईच्या दुकानात कपडे चढवायचा एक पुतळा आहे, मुंडकं नसलेला. त्याच्या पायाशी, कपाटामागच्या अंधारात, मी एक रोप ठेवलं आणि रोज मोजून सात वेळा पाणी घातलं. अकराव्या दिवशी खालची दोन पानं पिवळी. पेला घेऊन मी गर्दीत उभा राहिलो.

बाबांनी पान चाचपलं. "घरचा माणूस? हं. डोकं जड होतं याचं. विचार फार करतो. रात्र रात्र झोप नाही."

"बाबा, त्याला डोकंच नाही," मी म्हणालो. "शिवणकामाच्या दुकानातला पुतळा आहे तो."

खोलीत हशा पिकला. एक आजोबा तर ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं, जिंकलो!

बाबांनी हसू ओसरू दिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्या पुतळ्यावर कपडे कुणाचे चढतात रे बाळा? माणसांचेच ना? शेकडो माणसांच्या चिंता त्या कपड्यांतून त्याच्या अंगात मुरल्या. निर्जीव पुतळ्याचासुद्धा भार या रोपानं ओढून घेतला!"

"अहाहा!" गर्दी म्हणाली. हसून ठसका लागलेल्या आजोबांनी सगळ्यांत आधी हात जोडले. मला जिन्यापर्यंत ढकलतच नेलं.

गोळ्या बंद करून तिसरा आठवडा चालू होता. ताई मशीनवर बसली असतानाच तिला आकडी आली. पाय मशीनच्या पायडलवर आवळला गेला आणि सुई बोटातून आरपार गेली. मी पोचलो तेव्हा अर्ध्या शिवलेल्या ब्लाउजवर रक्त होतं आणि ताई फरशीवर.

इस्पितळात डोळे उघडल्यावर ती पहिलं काय बोलली असेल?

"अरे, एक दिवस कामाच्या घाईत मी पाणी सहाच वेळा घातलं होतं. माझंच चुकलं."

नर्सनं दिलेली गोळी तिनं उशीच्या अभ्र्यात लपवली. डॉक्टर ओरडले, मी हातापाया पडलो. ती ऐकेना. पुन्हा आकडी आली, तर या वेळी डोकं आपटेल, की चुलीवर पडेल? तिच्या खाटेशी बसून मी ढसाढसा रडलो.

शेवटी मी त्या माणसाकडेच गेलो. तो बनियनवर स्टुलावर चढून दिवा खाली घेत होता.

"तुमच्या शब्दावर ती गोळी घेईल," मी म्हणालो. "सांगा तिला."

"सांगतो की. माझं काय जातं? पुतळ्याचा विषय पुन्हा काढायचा नाही मात्र. आणि रोपं वेळेवर पाठवायची."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ताईला बाबांचा निरोप पोचला: रोग जळला, पण मस्तकात राख उरली आहे, ती धुवायला गोळी लागते, डॉक्टर सांगतील तोवर. ताईनं मुकाट्यानं गोळी गिळली. आकडी पुन्हा आली नाही. श्रेय अर्थातच बाबांना. मी चार महिने मूग गिळून बसलो आणि ट्रे भरत राहिलो.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतले घड्याळजी गेले. साखरेच्या आजारासाठी त्यांना रोज इंजेक्शन लागायचं. बाबांनी ते बंद करायला लावलं होतं. त्यांच्या बायकोनं मला रोप दाखवलं. छान जांभळं झालंय, जिवंत आहे. 'रोग तर जळला होता, मग हे गेले कसे?' असं ती विचारत होती.

म्हणून आज दिलेला शब्द मोडतोय. लोकहो, पाणी जास्त झालं की मिरचीचं पान पिवळं पडतं आणि दिवा जवळ आला की जांभळं. त्या पानाला तुमच्या मेंदूतलं, रक्तातलं काहीही कळत नाही. खोटं वाटत असेल तर दोन रोपं आणा, एक रोग्याजवळ ठेवा, एक रिकाम्या खुर्चीजवळ, दोन्हींना रोज सात वेळा पाणी घाला, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. औषध मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका.

ताई, तू हे वाचशील. राख वगैरे काही नव्हतं गं, तो निरोप मी मागून आणला होता. तू आज ठणठणीत आहेस ती गोळीमुळे. माझ्यावर चिड, जन्मभर बोलू नकोस. पण आजची गोळी घे. उद्याचीही.