आबासाहेब भेटायला आले

आश्रुबाच्या नाकातलं रक्त थांबेना. बैलाच्या अंगावरचे गोचीड तो बोटांनी चिरडायचा. पालम तालुक्याकडं सगळेच चिरडतात. मग ताप चढला. डॉक्टरांना काँगो तापाचा संशय. नमुना पुण्याला गेलेला, निकाल यायचा होता. तोवर त्याच्या रक्ताला कुणाचा उघडा हात लागू द्यायचा नाही, हे सरकारी दवाखान्यातल्या मनिषा सिस्टरच्या गळ्यात. हातमोज्यांची शेवटची जोडी तिच्याच हातात. बाकीचे म्हणे कागदावर ‘मंजूर’ होते. मंजूर हातमोजे घालून रक्त पुसता येत नाही.

त्यात पुढारी आबासाहेब उगवले. केळीचा घड, पाठीमागं माणसं, फोटोवाला. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे मयतीला न जाण्यासारखं, त्यात निवडणूक तोंडावर.

“सरक बाई, भेटून येतो.”

“आत न्हाई जायचं.”

“मला अडवायलीस? बदली कुठं करू, सांग.”

“जिथं हातमोजे हायेत तिथं करा.”

माणसं हसली आणि दाराला रेटा दिला. मनिषानं दाराला पाठ लावली. तेवढ्यात आधीच बाहेर पडलेली आश्रुबाची बायको तानुबाई अंगणातल्या नळाकडं निघालेली दिसली. हातात नवऱ्याच्या नाकाला लावलेलं फडकं, रक्तानं चिंब. त्याच नळावर बाळंतिणींसाठी पाणी भरणाऱ्या बाया उभ्या.

“मावशी, थांबा! ते खाली टाका!”

“धुऊन आणते की. नवऱ्याची घाण परक्यानं काढावी व्हय?”

दार सोडावं तर सगळे आत. न सोडावं तर रक्त नळावर.

आबासाहेबांना मात्र फोटो दिसला. “आण माय, मी धुतो. घे रे फोटो!” त्यांनी फडकं ओढून घेतलं. बोटं लाल झाली.

“काँगो त्या रक्तातनंच पसरतो!” मनिषा ओरडली.

क्षणात सगळा लवाजमा फाटकाबाहेर. फोटोवालाही. केळी तेवढी राहिली.

फडकं जंतूंच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. मनिषानं तानुबाई आणि मागं उरलेले आबासाहेब, दोघांना कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले आणि शेजारची रिकामी खोली दाखवली.

“निकाल येईस्तोवर इथंच.”

“मी घरी जातो,” आबासाहेबांचा आवाज फाटला.

“घरी नातवंडं हायेत न्हवं?”

आत घुसायला रेटणारा माणूस आता बाहेर पडायला रेटत होता. मनिषा दारातून हलली नाही. तिला हसू आलं नाही. ती लाल बोटं तिच्या डोळ्यापुढून जात नव्हती.

तानुबाई भिंतीला टेकून बसली. ओले हात तिनं पदराला लावले नाहीत.

“बसा की आबासाहेब,” ती म्हणाली. “भेटायलाच आलावतात न्हवं?”