वाघुरीतले नऊ दिवस

शाळेच्या धावण्यात पहिली आलेली मोनिका बिल्ला मिरवत आईपुढे उभी राहिली, आणि सुषमाला काहीच वाटलं नाही. ना आनंद, ना कौतुक. "बरं," एवढंच म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली. पोरगी बिल्ला मुठीत लपवून बाहेर गेली.

दोन हजार तीन साली सुषमा रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगची लाइन सांभाळायची. कोणी गैरहजर राहिलं की साहेब तिलाच थांबवायचे, आणि नाही म्हणणं बाईला कधी जमलंच नाही. आठ महिने डबल ड्यूट्या झाल्या. तिच्या गावच्या, निमोण्यातल्या बायकांनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. त्यानं खोकला तेवढा आला.

बिल्ल्याच्या त्याच संध्याकाळी ती सासऱ्यांजवळ बसली. "आबा, पोटची पोर पुढं उभी असती, आन् मला मायाच येत न्हाई. मी वाईट आई हाय का?"

आबांनी अर्धी हयात मेंढरांमागं काढलेली. "लई चाललेली मेंढी व्याली, की कवा कवा कोकराला जवळ घेत न्हाई. ती वाईट नसती पोरी, दमल्याली असती. तिला आम्ही वाघुरीत ठिवायचो, जाळ्याच्या आत, कोकरासंगं. चालायचं न्हाई, चारापाणी जाग्यावर. माया आपसूक येती."

"मेंढीला रजेचा अर्ज लागत न्हाई, आबा."

"तू लिव्ह. मी दिऊन येतो."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मुंडासं बांधून म्हातारा कारखान्याच्या गेटवर हजर.

नऊ दिवसांची रजा मिळाली, आणि ओसरी हीच सुषमाची वाघूर झाली. नवरा, रविराज, भाकरी थापायला लागला. त्याच्या भाकरीला कोपरे निघायचे. सुषमा आधी नुसती झोपली. मोनिका शेजारी बसून अभ्यास करायची.

नवव्या दिवशी मोनिकानं धुतलेल्या गोधडीवर शाई सांडली.

"कार्टे, डोळं कुठं हुतं तुझं?" सुषमा अशी कडाडली की कोंबड्या उधळल्या.

मोनिका टकामका बघत राहिली आणि मग हसतच सुटली. "आबा, आई वरडली!" सुषमालाही हसू फुटलं, मागोमाग रडू. तिनं पोरीला पोटाशी ओढलं. "तुझा बिल्ला कुठाय गं? दाव की मला."

रजा संपली. पहिल्याच दिवशी पाच वाजता साहेबांनी थांबायला सांगितलं. सुषमानं डबा पिशवीत टाकला.

"न्हाई जमणार, साहेब. माझी ड्यूटी झाली."

पदराला मोनिकाचा बिल्ला टाचून सुषमा गेटाबाहेर पडली आणि निमोण्याची जीप गाठायला चक्क पळत सुटली.