दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, इतर गाड्यांना एक ब्रेक असतो, मला दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. एवढ्यावरून तुम्ही ओळखलंच असेल, की मी गाडी चालवायला शिकवणारी गाडी आहे. होते म्हणा. आता मी जुनी झाले आहे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी माझ्यासोबतच्या इतर गाड्यांसारखीच होते. पांढरा रंग, चार दारं, काचेवर संरक्षक कागद. मला वाटायचं, एखादं हौशी कुटुंब मला घेईल आणि सुट्टीत डोंगरावर नेईल. पण मला घेतलं गाडी शिकवणाऱ्या बाईंनी. त्यांच्या मेकॅनिकने माझी शेजारची सीट उचकटली, खालून दोन लोखंडी दांडे घातले आणि दुसरा क्लच व दुसरा ब्रेक बसवला. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी लागली. शिकणारे शिकून गेले, मी मात्र अठरा वर्षं शिकाऊच राहिले.

बाईंना सगळे बाईच म्हणत. त्यांचा हात कडक आणि जीभ त्याहून कडक. "समोर बघा. रस्ता माझ्या तोंडावर नाही, समोर आहे," असं त्या दिवसातून वीस वेळा म्हणत. त्यांच्या हाताखाली शिंपी शिकले, परिचारिका शिकल्या, सत्तरीचे एक आजोबासुद्धा शिकले. नवशिक्यांनी माझे गिअर इतके खरखरवले, की माझ्या जागी दुसरी गाडी असती तर तिने हाय खाल्ली असती. पण परवाना मिळालेला माणूस जाताना माझ्या बॉनेटवर थोपटून जायचा. तेवढ्यानेही मूठभर मांस चढायचं. म्हणजे माझ्या बाबतीत, पत्रा. दर शुक्रवारी बाई स्वतः मला धूत. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही.

बाईंना एकच मुलगी. घरात तिला ठकू म्हणत. वडील ती लहान असतानाच गेले होते. ठकू अठरा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी तिला माझ्या स्टिअरिंगसमोर बसवलं. तिसऱ्याच दिवशी फाटकातून बाहेर पडताना ती खांबाच्या जरा जास्त जवळ गेली. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला.

"उतर," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या हातून व्हायचं नाही."

मित्रांनो, मी तिथेच होते. खांब अजून चांगला हातभर लांब होता आणि ठकूने स्टिअरिंग वळवायला घेतलं होतं. पण मला कोण विचारतंय? ती उतरली. दार आपटेल असं वाटलं होतं, तिने ते इतकं हळू लावलं की कडी नीट बसलीसुद्धा नाही. त्यानंतर ती कधी पुढच्या सीटवर बसली नाही. मायलेकींत भांडण असं झालं नाही. फक्त बोलणं कमी कमी होत गेलं. "जेवलीस?" "हो." "किल्ली कुठंय?" "खिळ्याला." इतकंच उरलं.

ठकूचा चित्रकलेत हात चांगला होता. ती जाहिरातींची हलती चित्रं काढणाऱ्या एका कंपनीत लागली आणि काही वर्षांनी एक दिवस ती नोकरी सोडून घरी आली. तिला स्वतःचा सिनेमा काढायचा होता. तासाभराचा, गाण्यांचा आणि सगळी पात्रं गाड्या. सोबतीला तिचा एक मित्र होता, ताडमाड उंच, म्हणून त्याचं नाव लंबू. चित्रं ठकूची, संगीत आणि आवाज लंबूचा.

बाईंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "गाड्या बोलणार? मी इतकी वर्षं गाडीत बसतेय, माझ्याशी एकही बोलली नाही."

"तू कुणाला बोलू दिलंस तर ना," ठकू म्हणाली.

बाईंनी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि त्या बाहेर पडल्या.

मागच्या खोलीत काम सुरू झालं. दोन संगणक, एक टेबल, एक पंखा. भाड्याने स्टुडिओ घेण्याची ऐपत नव्हती आणि खोलीत आवाज नोंदवायला घ्यावा, तर शेजारचा कुत्रा, पाण्याचा पंप आणि वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र आळीपाळीने सिनेमात काम करायला लागत. एका दुपारी लंबू कंटाळून माझ्यात येऊन बसला. त्याने काचा वर केल्या, एक टाळी वाजवली आणि कान टवकारले. मग दार उघडून हाक मारली, "ठकू, इकडे ये. ही गाडी नाही, स्टुडिओ आहे."

बाईंनी दुपारी एक ते चार अशी वेळ दिली, कारण तेव्हा शिकणारे येत नसत. "सीटवर चहा सांडलेला दिसला तर दोघांना पुसायला लावीन," एवढीच अट घातली. माझ्या काचांना आतून गोधड्या लागल्या, आरशाला माइक टांगला गेला. वादक बोलवायला परवडत नव्हतं, म्हणून लंबूने मलाच वाजवायला घेतलं. माझं दार लावलं की ढोल, पट्ट्याची कडी बसली की टिचकी, वायपरची कर्र-कट, कर्र-कट आणि इंडिकेटरची टिकटिक हा ताल. त्यावर तो आपली पेटी वाजवायचा. इतकी वर्षं लोक माझ्या आवाजांना खडखडाट म्हणत आले होते. आता एक माणूस डोळे मिटून ते ऐकत होता. अभिमानाने माझी टाकी भरून आली.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक छोटी नवी गाडी रस्त्याला घाबरते आणि एक म्हातारी गाडी तिला चालायला शिकवते. या आजीगाडीच्या आवाजासाठी नाटकात काम करणाऱ्या एक अभिनेत्री ठरल्या होत्या. त्या दोन दिवस आल्या. गोधड्यांच्या आत भट्टीसारखं तापायचं. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की असल्या डब्यात बसून मला काम जमणार नाही. मुलांच्या सिनेमांचा एक महोत्सव होता, त्यात सिनेमा पाठवायला बारा दिवस उरले होते.

ठकू माझ्या उघड्या दारात बसून राहिली. तेवढ्यात फाटकाशी बाई वेळेआधीच आलेल्या एका शिकणाऱ्याला उभ्या उभ्याच समजावत होत्या, "बंद पडली तर पडू दे रे. बंद पडणं हा काय गुन्हा आहे? चावी फिरव." लंबूने तिकडे पाहिलं.

"आजीगाडी सापडली," तो म्हणाला.

"नको," ठकू म्हणाली. "आईला नको."

बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या जवळ आल्या. "तारीख चुकली तर काय होईल?"

"काही नाही. दोन वर्षं वाया जातील."

बाईंनी पाटीवरची धूळ पदराने पुसली, शिकणाऱ्याला उद्या यायला सांगितलं आणि स्वतः माझ्या काचांना गोधड्या लावायला घेतल्या.

त्यांना गाता येत नव्हतं. लंबू म्हणाला, "गाऊ नका. शिकवता तसं बोला, फक्त टिकटिकीवर." मग माझ्या इंडिकेटरच्या ठेक्यावर बाई म्हणू लागल्या:

"आरसा बघ, बाजू बघ, घाई नको करू,
पाय उचल हळू बाळा, क्लच सोड हळू.
बंद पडली, पडू दे की, कोण नाही पडलं?
चावी फिरव, निघू पुन्हा, काही नाही अडलं."

पहिल्यांदा त्यांनी ते इतकं दरडावून म्हटलं, की लंबू दचकला. चौथ्यांदा जमलं.

आठव्या दिवशी शेवटचा प्रसंग आला. बाई आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर, सवयीने पाय ब्रेकवर ठेवून बसल्या. ठकू मागे कागद धरून बसली. लंबू बाहेर, कानाला हेडफोन लावून. कागदावर आजीगाडीचं वाक्य होतं: 'माझंच चुकलं. मी ब्रेक फार लवकर दाबला.'

बाईंनी ते मनात वाचलं आणि आरशातून मागे पाहिलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मुद्दाम?"

"माहीत नाही. लिहिता लिहिता आलं."

बाईंनी वाक्य म्हटलं. ते हुकमासारखं आलं. परत म्हटलं, ते धडा वाचल्यासारखं आलं. तिसऱ्यांदा त्या अर्ध्यावरच थांबल्या. मग त्यांनी कागद घडी करून मांडीवर ठेवला.

"माझ्या शब्दांत बोलू?"

ठकूने होकारार्थी मान हलवली.

"मला खांब दिसत होता," बाई म्हणाल्या. "तुझे हात दिसलेच नाहीत. तू वळवत होतीस. ते मला संध्याकाळी कळलं, फाटकाशी उभं राहून अंतर मोजलं तेव्हा. सांगायला आले होते तुझ्या खोलीपर्यंत. दार लोटलेलं होतं. मग म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याला नऊ वर्षं झाली, बाळा."

मागून ठकूचा हात पुढे आला आणि बाईंच्या खांद्यावर राहिला. बाहेर लंबूने हेडफोन काढून हातात धरले होते. यंत्र मात्र चालूच होतं.

"हे पुसून टाकू ना?" ठकूने विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "कुठल्या तरी आजीगाडीला उपयोगी पडेल."

पण आता एक अडचण झाली. आजीगाडीच्या ओठांची चित्रं जुन्या वाक्याप्रमाणे काढून झाली होती आणि नवीन काढायला वेळ नव्हता. ठकूने एक युक्ती केली. त्या प्रसंगात तिने आजीगाडी पाठीमागून दाखवली. फक्त दोन लाल दिवे, समोर रिकामा रस्ता आणि बाईंचा आवाज.

सिनेमा वेळेत गेला. महोत्सवात बक्षीस मिळालं नाही, पण एका छोट्या थिएटरने तो सकाळच्या खेळाला नऊ दिवस लावला. पहिल्या दिवशी मी दोघींना घेऊन गेले आणि थिएटरच्या मागच्या दाराशी उभी राहिले. मित्रांनो, माझ्या आवाजांचा सिनेमा मी पाहिलेला नाही, फक्त दाराआडून ऐकला. मुलं नको तिथे हसत होती. एका ठिकाणी चाकं उलटी फिरत होती म्हणे, आणि एका ट्रकला सावलीच नव्हती. ते हसू ऐकून माझं इंजिन बसल्यासारखं झालं. मग लाल दिव्यांचा प्रसंग आला. बाईंचा आवाज ऐकू येत होता आणि बाकी सगळं चिडीचूप झालं होतं.

खेळ सुटला. लोक भराभर बाहेर आले, गाड्या काढून निघून गेले. बाई आणि ठकू कितीतरी वेळाने आल्या.

"इतका वेळ काय करत होतीस?" ठकूने विचारलं.

"शेवटी नावं येतात ना, ती वाचत होते. तुझं अकरा वेळा आलं. कथा तुझी, चित्रं तुझी, रंगही तुझे. तेवढ्यात दिवे लावले मेल्यांनी, आणि माणसं माझ्या डोळ्यांसमोरून उठून चालली. मी एकाला सांगितलं, बसा खाली, माझी मुलगी अजून संपली नाही."

ठकू हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

दहाव्या दिवशी सिनेमा उतरला. त्याने फारसं काही कमावलं नाही. पण तो पाहून दूरच्या शहरातल्या एका चित्रपटवाल्याने ठकूला कामाला बोलावलं आणि ती गेली. लंबू पुढे एका शाळेत संगीत शिकवायला लागला. माझंही वय झालं. नियमाप्रमाणे माझी पाटी उतरली, बाईंनी शिकवण्यासाठी नवी गाडी आणली. आता माझी दोन चाकं बसली आहेत आणि रस्त्यावर जायचा परवाना संपला आहे.

गेल्या महिन्यात भंगारवाला आला होता. त्याने माझ्या टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "बाई, ही चालत नाही, मग ठेवलीय कशाला?"

"बोलायला," बाई म्हणाल्या.

तो वेड्यासारखा बघत राहिला आणि निघून गेला. पण बाई खरं तेच बोलल्या होत्या. दर रविवारी दुपारी ठकूचा फोन येतो. घरात पंपाची घरघर आणि वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र. मग बाई फोन घेऊन शेडमध्ये येतात, माझ्या शेजारच्या सीटवर बसतात, दार लावतात, काच वर करतात. "हं, आता बोल," म्हणतात. आणि दोघी तासभर बोलतात. काय बोलतात ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातही एखादी बंद पडलेली, जागा अडवून बसलेली वस्तू असेल. तिला बाहेर काढू नकाच, असं मी म्हणणार नाही. पण काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, तिच्यापाशी बसून कोण कुणाशी बोलतं.